निम्मा हौशीराम

गुरुवारी सकाळी भात संशोधन उपकेंद्राचं कुलूप निघायच्या आधीच बहिरू तळपे पायरीवर येऊन बसला होता. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी आणि वहाणा काखेत. लोणावळ्याच्या डांबरी रस्त्यावर वहाणा उगाच झिजतात, असं त्याचं मत होतं. पाय मात्र झिजत नाहीत, हे त्याने आंदर मावळातून कान्हे स्टेशनापर्यंत रोज चालून सिद्ध केलेलं होतं.

केंद्रप्रमुख टिपणीससाहेब सायकलवरून उतरले. त्यांनी पायरीवरच्या माणसाकडे पाहिलं.

"काय हवंय?"

"आमचा मानूस न्ह्याया आलोय."

"कोण माणूस?"

"हौशीराम. सोमवार, मंगळवार, बुधवार तुमचा झाला. आज बेस्तरवार. आता तीन रोज आमचा."

टिपणीससाहेबांनी सायकल भिंतीला टेकवली. वेड्याशी बोलताना माणूस जसं गोड बोलतो, तसं गोड बोलून त्यांनी विचारलं, "आणि रविवारी हो?"

"आयतवारी त्याचा त्यो," बहिरू गंभीरपणे म्हणाला. "चरंल कुटं बी."

हे संभाषण हौशीराम फाटकाबाहेरच्या जांभळीमागे उभा राहून ऐकत होता. पुढे यावं, असं त्याला अजिबात वाटत नव्हतं. बहिरू वेडा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बहिरू जे बोलत होता त्याला खुद्द हौशीरामने, शुद्धीवर असताना, सगळ्या गावासमोर होकार दिलेला होता.

हौशीराम हा मळवली स्टेशनावरच्या पॉइंट्समनचा मुलगा. राहायला भाजे गावात. लहानपणी बापाला भाकरी पोचवायला गेला, की तो फलाटाच्या टोकाला उभा राहून गाड्या बघायचा. मेल मळवलीला थांबत नसे. ती अंगावर धूर टाकून निघून जायची आणि धूर निवळला की हौशीराम तिथेच उभा असायचा. आपल्यालाही एकदा असंच धूर टाकत लांब कुठेतरी जायचंय, हे त्याने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पुढे तो शेतकीचा पदवीधर झाला, उपकेंद्रात संशोधन सहाय्यक म्हणून लागला, आणि 'लांब कुठेतरी'ला नाव मिळालं : जपान. त्या दिवसांत ज्याच्या-त्याच्या तोंडी जपानी पद्धतीची भातशेती होती. दोरी धरून एका ओळीत रोपं लावायची. ती दोरी जिथून आली तो देश एकदा बघावा, एवढीच त्याची इच्छा होती.

आणि मग ती योजना आली.

योजना पुण्याहून आली, पुण्याला मुंबईहून आणि मुंबईला दिल्लीहून आली होती. संशोधकाचं प्रशिक्षण, संशोधकाची गतिशीलता आणि संशोधकाची प्रगती अशा तीन पायांवर ती उभी होती. तिचा अर्धा भार सरकार उचलणार होतं. उरलेला अर्धा, ज्यांना संशोधनाचा लाभ व्हायचा त्या स्थानिक मंडळींनी उचलायचा होता. पैशाने नाही जमलं तर धान्याने, जागेने, जेवणाने. फुकट मिळालेल्या वस्तूची लोकांना किंमत नसते, असं सरकारला वाटत होतं. अर्धा भार उचलला की लोकांना ती वस्तू आपली वाटू लागते. हे सरकारचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं, हेच पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ.

स्थानिक मंडळी शोधायला टिपणीससाहेबांनी हौशीरामलाच पाठवलं. तो चार गावं फिरला. चारही गावांनी चहा पाजून वाटेला लावला. पाचवं गाव तळपेवाडी.

तळपेवाडीत बैठक देवळाच्या पडवीत बसली. मधोमध सरपंच कोंडूआबा. त्यांच्या शेजारी बहिरू, आणि खांबाआड, पण ऐकू येईल इतक्या जवळ, आबांची बायको बायडाबाई. हौशीरामने योजना वाचून दाखवली. ती ज्या मराठीत लिहिली होती ती मराठी वाचणाऱ्यालाही परकी होती. मग आबांनी विचारलं, "ते मधलं काय म्हनला? गती... काय?"

"गतिशीलता. म्हणजे संशोधकाने एका जागी बसून राहायचं नाही. हिंडायचं फिरायचं."

"म्हंजी मोकाट?"

"मोकाट नाही, आबा..."

"मोकाट जनावर आमी कोंडवाड्यात घालतो. आधी इचारल्यालं बरं."

हे गाव गेलं, तर पुढे गाव नव्हतं. पुढे सरळ डोंगर होता. तेवढ्यात बहिरूचा चेहरा उजळला.

"आबा, सोपं हाय. मानूस सरकारचा. वैरण निम्मी आपली. म्हंजी अर्धलीनंच की!"

"आस्सं व्हय!" सगळी पडवी एकदम हलली. "अर्धलीनं म्हन की मग!"

आपलं बोलणं अखेर कुणाला तरी कळलं, या आनंदात हौशीराम म्हणाला, "हो हो! तसंच समजा!"

अर्धली म्हणजे काय, हे त्याने तेव्हा विचारायला हवं होतं. तो स्टेशनाजवळ वाढलेला. त्याला सिग्नल कळत, गुरं कळत नसत. तळपेवाडीत गाय-बैल अर्धलीने देण्याची जुनी रीत होती. जनावर एकाचं, चारापाणी दुसऱ्याचं. काम वारावारी निम्मंनिम्मं. एकाला विचारल्याशिवाय दुसऱ्याने ते विकायचं नाही की घाटापलीकडे न्यायचं नाही. ऐन हंगामात एकाने ते नेलंच, तर त्याच्या जागी तोलाचं दुसरं आणून बांधायचं. आणि अर्धली मोडायची वेळ आली, तर जुनं आणि बदली आलेलं यांतलं कुठलं ठेवायचं ते पोसणाऱ्याने निवडायचं. या सगळ्याला कागद लागत नसे. दावं एका हातातून दुसऱ्या हातात गेलं, की झालं.

ठराव एकमताने झाला. निघताना आबांनी हौशीरामच्या पाठीवरून हात फिरवला. शाबासकी असावी, असं त्याला वाटलं. पुढे त्याच्या लक्षात आलं, की आबांनी वशिंड चाचपावं तसं चाचपलं होतं.

तर त्या गुरुवारी टिपणीससाहेब बहिरूला हाकलणारच होते. त्यांचा हात फाटकाकडे गेलाही होता. आणि तो तिथेच थबकला. योजनेचा सहामाही अहवाल टेबलावर त्यांची वाट पाहत होता. त्यात 'स्थानिक लोकांचा सहभाग' असा रकाना होता. बाकीच्या सगळ्या केंद्रांनी तिथे 'समाधानकारक' असं लिहिलं होतं. आणि 'समाधानकारक' म्हणजे काहीही नाही, हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही ठाऊक होतं. इथे तर एक शेतकरी डोंगर उतरून, वहाणा काखेत मारून, आपला संशोधक मागायला आला होता.

"हौशीराम," साहेब जांभळीकडे बघून म्हणाले, "तिथून बाहेर ये आणि यांच्याबरोबर जा."

"साहेब, पण..."

"सहभाग सहभाग म्हणतात तो हाच. जा."

अशी हौशीरामची वाटणी सुरू झाली. सोमवार ते बुधवार तो लोणावळ्यात, एका पारशाच्या बंगल्यामागच्या खोल्यांत थाटलेल्या उपकेंद्रात बसून बियाणं मोजी. गुरुवार ते शनिवार तळपेवाडीत. राब न भाजता, म्हणजे पेरणीच्या जागी पालापाचोळा न जाळता, भाताची रोपं येतील का, हा त्याचा संशोधनाचा विषय. त्यासाठी त्याला आबांच्या खाचरात चार वाफे मिळाले. वाफ्यांचं काम सकाळीच आटपे. मग उरलेल्या दिवसाचं काय?

"बसून काय करतोस रं?" बायडाबाईने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"निरीक्षण करतोय, मावशी."

"म्हंजी?"

"नुसतं बघायचं. काय काय होतंय ते."

"मग हितं बसून कशापायी बघतोस? त्या माळ्यावर बसून बघ. बघता बघता पाखरं बी हाकलून हुतील."

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. हौशीराम राखणीच्या माळ्यावर चढला. तिथून खरोखरच जास्त दिसत होतं.

पुढे गोष्टी आपापल्या पायांनी चालत आल्या. निम्मा संशोधक आपलाच आहे, तर तालुक्याला अर्ज लिहायला दुसरा कशाला शोधायचा? मुलगी बघायला जाताना चष्मेवाला एक माणूस बरोबर असला तर काय बिघडलं? शेजारच्या वाडीत लग्न निघालं, तर त्यांना एक दिवस उसना दिला. लग्नात हौशीराम भटजींशेजारी बसला, गंभीर चेहऱ्याने निरीक्षण केलं आणि संध्याकाळी एका टोपलीभर करवंदांसह परत केला गेला. करवंदांचीही वाटणी झाली. सरकारची निम्मी करवंदं सोमवारी टिपणीससाहेबांच्या टेबलावर ठेवली, तेव्हा साहेबांनी ती कुठल्या सदरात जमा करावी याचा विचार करत करत खाल्ली.

"तुझं काय म्हणणं आहे?" साहेबांनी एकदा विचारलं.

"साहेब, मला संशोधक व्हायचं होतं. मी बैल झालोय."

"तसं नाही ते. तू सहभाग झालायस."

तळपेवाडीचीही तक्रार होती. बायडाबाई दर गुरुवारी त्याला उजेडात उभा करून बघायची.

"वाळला गं बाई परत! शनवारी कसा भरल्याला गेलता. ते सरकार खायाला घालतंय का न्हाई?"

"खाणावळीत जेवतो, मावशी."

"बघा! दोघांच्यात जनावर आसलं का आसंच हुतं. त्ये म्हंत्यात आमी घालू, आमी म्हंतो त्ये घालतील." आणि ती नाचणीची आणखी एक भाकरी त्याच्या ताटात टाकायची. हौशीराम नको नको म्हणायचा आणि खायचा. रात्रीचा भात आंबेमोहराचा असे. त्याचा वास आला, की तो थोडा वेळ जपानही विसरे.

कार्तिकात भात निघालं. हौशीरामच्या चार वाफ्यांचा निकाल मध्यम आला. पण अहवाल मध्यम नव्हता. सहभागाच्या रकान्यात टिपणीससाहेबांनी जागा पुरेना म्हणून जोडपत्र लावलं होतं. 'ग्रामस्थ संशोधकास स्वतः न्यावयास येतात व न दिल्यास रुष्ट होतात' हे वाक्य पुण्याच्या कचेरीत एकमेकांना वाचून दाखवलं गेलं. ते मुंबईला गेलं, दिल्लीला गेलं. आणि पौषाच्या आधीच उत्तर आलं. एक वर्षाच्या प्रशिक्षणासाठी हौशीरामची जपानला निवड झाली होती. बोट पुढच्या आश्विनात मुंबईहून सुटणार होती.

अट एकच. अर्धा भार स्थानिक मंडळींनी उचललेला असल्यामुळे त्यांची संमती लागेल.

पडवीत पुन्हा बैठक बसली. हौशीरामने या वेळी काही वाचलं नाही. त्याने हात जोडले.

"आबा, मी जपानला जातोय."

"कुटं आलं ते?"

"समुद्रापलीकडे."

बहिरूने घसा खाकरला. "जनावर घाटापल्याड न्ह्यायाचं न्हाई, आसं ठरल्यालं. हे तर समिंदर म्हंतंय."

"एकच वर्ष. पुन्हा येणार मी."

"सरकारनं त्येंचा निम्मा खुशाल न्ह्यावा," बहिरू म्हणाला. "आमचा निम्मा हितं ऱ्हाऊ द्या. आमी आडवं येत न्हाई."

"अहो, निम्मा कसा ठेवू?"

"ते तुमी शिकल्याल्यांनी ठरवायचं."

खांबाआडून बायडाबाई म्हणाली, "वरचा निम्मा ठिवा. त्वांड तरी दिसंल."

हौशीरामला हसू आलं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर मळवलीचा फलाट होता. मेल येत होती, धूर टाकत होती, जात होती; आणि धूर निवळल्यावर तो तिथेच उभा होता. या वेळी गाडी त्याच्यासाठी थांबली होती आणि तळपेवाडीने त्याचा सदरा धरून ठेवला होता. त्याचा आवाज चिरकला.

"आबा, पाया पडतो. लहानपणापासून एवढं एकच मागितलंय मी."

आबांनी त्याचे जोडलेले हात खाली केले. मग हळूच म्हणाले, "आरं, रडतोस कशापायी? रीत हाय की. जोडीदारानं जनावर न्हेलं, तर तोलाचं दुसरं आनून बांधायचं. सरकारला म्हनावं, बदली द्या. मग जा. नारळ आमीच फोडू."

हौशीरामने हा निरोप लोणावळ्याला आणला तेव्हा टिपणीससाहेब पोट धरून हसले.

"बदली ना? द्या की! आपला शिपाई हनुमंत पाठवून देऊ."

"साहेब, नियमावलीत आहे." हौशीरामने ती पुढे केली. 'संशोधक परदेशी असता त्याचे स्थानिक उत्तरदायित्व समकक्ष अथवा वरिष्ठ व्यक्तीने सांभाळावे.' शिपायांवर काम ढकलण्याची वाईट खोड मोडावी, म्हणून मसुदा समितीत हे कलम टिपणीससाहेबांनीच आग्रहाने घालून घेतलं होतं.

उपकेंद्रात हौशीरामला समकक्ष कुणी नव्हतं. ती जागा मंजूर होती, पण रिकामी होती. वरिष्ठ एकच होते, आणि त्यांचं हसणं आता थांबलं होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "लिही माझं नाव."

"साहेब, तळपेवाडी म्हणजे..."

"कागदोपत्री हो, हौशीराम! कागदोपत्री मी दोन वर्षं कोल्हापुरातही होतो. कुणाला कळलं?"

सुटण्याच्या आदल्या आठवड्यात तळपेवाडीत निरोपाचा कार्यक्रम झाला. टिपणीससाहेब जीपने रस्ता संपेपर्यंत आणि पुढे धापा टाकत आले. भाज्याहून हौशीरामची आई भागुबाईही आली होती. तिने आल्या आल्या आबांना सुनावलं, "वाटनी वाटनी काय लावलीया? आधी पोरगं माजं. माज्यातनं उरंल ते वाटा."

आबांनी तिला बसायला घोंगडी टाकली. "बाय, आईचा वाटा वाटनीत धरत न्हाईत. त्यो आधीच बाजूला काढल्याला आसतो."

भागुबाई खाली बसली. तिला आणखी भांडायचं होतं, पण भांडायला काही उरलं नव्हतं.

मग मंडळींनी टिपणीससाहेबांना नीट पाहून घेतलं. बहिरू त्यांच्याभोवती एक फेरी मारून आला.

"वय झालंय."

"पन खांदा बरा हाय," आबा म्हणाले.

"प्वाट सुटलंय."

"उतरंल हितं," बायडाबाई म्हणाली.

साहेबांना ही ग्रामीण थट्टा फार आवडली. ते मनमोकळे हसले. नवं दावं आणलं होतं, त्याला हळदकुंकू लावलेलं. आबांनी ते आधी साहेबांच्या हातात दिलं, म्हणजे हौशीराम सुटला. मग साहेबांनी ते बहिरूच्या हातात द्यायचं होतं. लोककलेची आणि लोकरीतीची आवड असलेल्या साहेबांनी ते दोन्ही हातांनी, वाकून दिलं आणि छोटंसं भाषणही केलं. "मी वेगळा नाही. आजपासून मी तुमचाच आहे, असं समजा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तळपेवाडीत भाषणाला टाळ्या वाजवत नाहीत. ते लक्षात ठेवतात.

पुढच्या गुरुवारी हौशीराम बोटीच्या कठड्याला धरून उभा होता. बोटीचा धूर मागे जात होता आणि त्या धुरात तो नव्हता. तो पुढे होता. त्याच सकाळी लोणावळ्यात, उपकेंद्राचं कुलूप निघायच्या आधी, बहिरू पायरीवर येऊन बसला होता.

जपानात हौशीरामला साहेबांची चार पत्रं आली. पहिल्यात एकच वाक्य होतं : 'यांना आवर.' दुसऱ्यात हकीकत होती. साहेबांनी पुण्याला तक्रार केली. पुण्याने अभिनंदन केलं. वरिष्ठ अधिकारी स्वतः खेड्यात मुक्काम करतो, हा आदर्श सर्व केंद्रांना कळवण्यात आला होता. तिसऱ्या पत्रात बायडाबाईच्या नाचणीच्या भाकरीबद्दल दीड पान होतं, आणि शेवटी कुणी सहज लिहावं तसं लिहिलं होतं, की माळ्यावरून लोहगड दिसत नाही, पण दिसत नाही त्या दिशेला बघत बसलं तरी बरं वाटतं. चौथं पत्र छोटं होतं. 'सोमवार ते बुधवार लोणावळ्यात हल्ली फार दमट असतं.' मग पत्रंच आली नाहीत.

हौशीराम जपानात खूप शिकला. दोरीने रोपं लावायला तर तो पहिल्याच आठवड्यात शिकला. तिथे त्याला कुणी उसना मागितलं नाही. कुणी माळ्यावर चढवलं नाही. तो वाळला की भरला, हे कुणी उजेडात उभं करून पाहिलं नाही. सातही वार त्याचे स्वतःचे होते. पहिले दोन महिने त्याला याची फार मजा वाटली. तिसऱ्या महिन्यात एका गुरुवारी तो खोलीत बसला होता आणि दारावर कुणी थाप मारली नाही. तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं त्याला वाटलं. काय चुकलं, ते कळायला बराच वेळ लागला.

वर्षाने तो परत आला. एक रात्र आईपाशी भाज्यात काढली आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघाला. ऑफिसला आधी हजर व्हायला हवं होतं. पण तळपेवाडीचे आभार मानायचे राहिलेत. ते उरकून, मोकळं होऊनच हजर व्हावं, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि कान्ह्याला उतरला.

वाडीच्या अलीकडे खाचरांत भात पिवळं पडलं होतं. माळ्यावर एक माणूस गोफण घेऊन उभा होता. मुंडासं, घोंगडी, आणि पोट नाही.

"कोन हाय रं त्यो?" माणूस ओरडला. मग चष्मा सारखा करून म्हणाला, "अरे! हौशीराम! आलास?"

"साहेब!"

"थांब, हा थवा तेवढा घालवू दे." टिपणीससाहेबांनी गोफण फिरवली. थवा गेला. "आता बोल. पण वर ये. मला खाली येता येत नाही, पीक ऐन भरात आहे."

हौशीराम वर गेला नाही. तो पडवीत गेला. आबा होते, बहिरू होता, खांबाआड बायडाबाई होती. कुशल विचारून झालं. पाणी दिलं. मग आबांनी खुंटीवरचं दावं काढून मांडीवर घेतलं आणि घसा साफ केला.

"हे बघ हौशा. तू आलास, लय ब्येस झालं. आता अर्धली मोडायची."

"मोडायची?"

"तू शिकून आलास. मोठा झालास. तुला असं दाव्यात ठिवनं बरं दिसत न्हाई. आन अर्धली मोडताना कुठलं ठिवायचं ते पोसनारानं निवडायचं, आशी रीत हाय." आबांनी माळ्याकडे बोट केलं. "आमी सायेब ठिवतो."

"सायेबाची सही तालुक्याला चालती," बहिरूने खुलासा केला. "येश्टी आता वढ्यापतुर येती ती त्येंच्यामुळं. शिवाय भजनात पेटी वाजिवत्यात."

"तू सुटलास, लेकरा," आबा मायेने म्हणाले. "आता सगळा तुझा तू. जा खुशाल, कुटं जायाचं तितं."

हेच तर हौशीरामला हवं होतं. त्याने आबांना वाकून नमस्कार केला, पिशवी उचलली आणि तो पायरी उतरला. अंगणात उभा राहिला. समोर वाट होती. उजवीकडे गेलं तर कान्हे, मग लोणावळा, मुंबई, वाटेल तिथे. चुलीवर आंबेमोहर शिजत होता. हौशीरामने एकदा वाटेकडे पाहिलं, एकदा आबांच्या मांडीवरच्या दाव्याकडे. आणि शेतकीचा पदवीधर, जपानात शिकून आलेला संशोधक, तोंड पाडून, तळपेवाडीच्या बोलीत म्हणाला,

"आबा... निम्मा तरी ठिवा की."

पडवीत सगळे एकमेकांकडे बघू लागले. रीतीत असं काही नव्हतं. सोडलेल्या जनावराने परत मागितलेलं कुणी ऐकलं नव्हतं. आबा दाढी खाजवत बसले.

खांबाआडून बायडाबाई पुढे आली. तिने हौशीरामला हाताला धरून उजेडात उभा केला आणि वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वाळला गं बाई," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आज वार कंचा हाय हो?"

"बेस्तरवार."

"मग झालं की! कुनी आनाया गेलतं का त्याला? आपल्या वारी आपल्या पायानं दावनीला आलंय जनावर. त्याला सोडलं म्हनून कसं चालंल?"

आबांना हे पटलं. रीतीला धरून होतं.

तेवढ्यात माळ्यावरून हाक आली. पडवीतलं सगळं तिथवर पोचलं असावं, कारण आवाज घाबरा होता.

"आबा! ओ आबा! ह्यो आलाय म्हून मला सोमवारी सरकारात धाडू नका हां! हितं लय काम पडलंय!"